तोलेगेन दारात आला की

कोक्तास वस्तीत तोलेगेन रस्त्याने निघाला की बायका खिडकीचे पडदे ओढून घ्यायच्या. माणूस वाईट नव्हता. दारू बेताची, उधारी नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याचा दोष एवढाच, की त्याला बोलता फार छान यायचं.

एके काळी याच बोलण्यामुळे तो वस्तीचा लाडका होता. आठवडाभर कोळशाच्या खाणीत बोगदे खणायचे आणि शनिवारी नक्षीचं जाकीट चढवून कुणाच्या तरी लग्नात बोलायला उभं राहायचं. नवऱ्याच्या मामापासून नवरीच्या आत्यापर्यंत थट्टेतून एकाला सोडायचा नाही. हसून हसून लोकांच्या हातातला चहा सांडायचा. आज वस्तीत चाळिशीला टेकलेली जी जोडपी आहेत, त्यांतल्या निम्म्यांच्या लग्नात तोलेगेनचा आवाज घुमलेला आहे.

मग एका हिवाळ्यात खाणीचं छत बसलं आणि एक तरणाताठा मुलगा गेला. कचेरीने निरोप द्यायला एक कारकून पाठवला. त्या शहाण्याने दारात उभं राहून खिशातून कागद काढला आणि वाचून दाखवला. मुलाची आई उंबऱ्यातच कोसळली, ती नंतर धड उठलीच नाही. मरणाची बातमी अशी देतात का कुठे? दोघा-तिघा जाणत्यांनी जायचं, टोप्या काढून बसायचं, गवत कसं आहे, बर्फ कधी पडेल असं आडवळणाने बोलत बोलत ऐकणाऱ्याचं मन हळूच त्या जागी आणून सोडायचं. याला एस्तिर्तू म्हणतात आणि हे काम कुणालाही जमत नाही. वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी तोलेगेनला बोलावून घेतलं. म्हणाले, "तुझी जीभ गोड आहे. ती नुसती लग्नात उधळायची नसते."

तो गेला. पुढच्या वेळी पुन्हा गेला. कफन, मेंढी, पाहुण्यांसाठी बस हा सगळा खर्च युनियन करायची, तेव्हा युनियनचा माणूस बरोबर लागायचाच. मग लोकांना वाटलं, यालाच अध्यक्ष करून टाकावं, दोन्ही कामं एका खेपेत होतील. निवडणूक वगैरे काही झाली नाही, कारण दुसरं कोणी उभंच नव्हतं. चौदा वर्षांत तोलेगेनने एकतीस दारं वाजवली. लग्नाची आमंत्रणं कधी थांबली ते त्यालाही कळलं नाही. कोणी तोंडावर काही बोललं नाही. "आगा, तुम्ही दमला असाल, विश्रांती घ्या," एवढंच म्हणायचे. वडीलधाऱ्या माणसाला तिथे आगा म्हणतात.

आता युनियन म्हणजे लोकांच्या लेखी काय, तर नव्या वर्षाला मुलांसाठी गोळ्यांची पिशवी, उन्हाळ्यात आरोग्यधामाची चिठ्ठी आणि मेल्यावर मेंढी. मीटिंगला येणारे येत होते ते चिठ्ठीसाठी. काहीजण यायचे कारण सभागृह घरापेक्षा उबदार होतं, आणि बुलातसारखा एखादा सासू घरी येऊन बसली म्हणून. चिठ्ठ्यांचं वाटप झालं की खुर्च्या ओस. तोलेगेनला याचा राग येत नसे. तो स्वतः विशीत युनियनमध्ये गेला होता तो फ्रिजच्या यादीत नाव लागावं म्हणून, आणि हे तो कबूल करायचा.

पण या शरद ऋतूत त्याला माणसं हवी होती, खरीखुरी, मोजून एकशे सात.

तिसऱ्या बोगद्यातला हवेचा पंखा मरायला टेकला होता. हवा खेळली नाही की वायू साठतो. वायू साठला की भिंतीवरचं यंत्र आपोआप वीज तोडतं आणि काम थांबतं. काम थांबलं की कोळसा कमी आणि कोळसा कमी की पगार कापला. तेव्हा माणसं काय करायची, तर आपलं कापसाचं जाकीट पाण्यात भिजवायची आणि त्या यंत्राच्या तोंडावर घट्ट गुंडाळायची. यंत्राला वास लागत नाही, वीज चालू राहते, कोळसा निघत राहतो. वरचे साहेब खाली यायचे, जाकीट बघायचे आणि दुसरीकडे तोंड करून निघून जायचे. यात नवीन काही नव्हतं, तिन्ही पाळ्या हेच करत होत्या.

नवा पंखा बसेपर्यंत तिसऱ्या बोगद्यात कोणी उतरायचं नाही, असा ठराव तोलेगेनला हवा होता. एकट्यादुकट्याने नकार दिला तर गैरहजर म्हणून नाव कापलं जाईल. दोनशे बारा सभासदांपैकी निम्म्यांहून एक जास्त हजर राहून हात वर केले, तर कचेरीला कुणाच्या केसालाही हात लावता येणार नाही. पहिल्या रविवारी आले एक्केचाळीस, त्यातले चार झोपलेले.

"चिठ्ठ्या वाटायच्या नव्हत्या ना," याकोव्ह म्हणाला. याकोव्ह राइमर हा युनियनचा चिटणीस. म्हातारा जर्मन, पंप दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेलं, बोलायला कंजूष. एकतीसपैकी तीस दारांवर तो तोलेगेनच्या शेजारी उभा होता.

"मग घरोघर जाऊ," तोलेगेन म्हणाला. "तोंडाने सांगितलेलं माणूस टाळत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघे निघाले. पहिलं दार बेइबितचं. बेइबित तिसऱ्या बोगद्यात ड्रिल चालवायचा, ताकदीचा गडी, त्याच्या शब्दाला मान होता. तो आला तर वीसजण मागून येतील असा हिशोब. दार वाजलं. बेइबितची बायको काम्शात पिठाचे हात घेऊन बाहेर आली. दोघांनी टोप्या काढल्या. काढायच्या असं काही ठरवलं नव्हतं. चौदा वर्षं दारात उभं राहून हातांना तेच वळण लागलं होतं. याकोव्हने नजर जमिनीकडे वळवली, तीही सवयीनेच. आणि तोलेगेनने घसा साफ करून मऊ आवाजात विचारलं, "बरी आहेस ना, सूनबाई? घरात सगळे बरे?"

काम्शात भिंतीला धरून खाली बसली.

"कोण?" ती म्हणाली. "बेइबित की माझा भाऊ? आगा, आधी कोण ते सांगा! गवताचं न् बर्फाचं काही बोलू नका, माझ्याच्याने ऐकवणार नाही!"

"अगं कोणी नाही! कोणी नाही गं बाई, सगळे धडधाकट आहेत! रविवारी मीटिंग आहे, ते सांगायला आलो!"

"मीटिंग?"

"मीटिंग. बारा वाजता. सभागृहात."

काम्शात उठली. तिचे ओठ अजून पांढरे होते. "मीटिंगसाठी माझा जीव घ्यायला आलात? दोघं मिळून? टोप्या काढून?" तिने हातातला पिठाचा गोळा तोलेगेनच्या छातीवर मारला. "आग लागो तुमच्या मीटिंगला! बेइबित पाय ठेवणार नाही तिथे. पुन्हा या दारात आलात तर कुत्रा सोडीन!"

दार इतक्या जोरात आपटलं की पलीकडच्या घरातली म्हातारी बाहेर आली, तिने या दोघांना टोप्या हातात धरून उभं असलेलं पाहिलं आणि ती तिथेच हंबरडा फोडून रडायला लागली. तिला समजावता समजावता पाव तास गेला. तोवर गल्लीभर पडदे ओढले गेले होते. पुढची सात दारं उघडलीच नाहीत.

घरी आल्यावर तोलेगेन जेवला नाही. त्याची बायको रायखान त्याच्या कोटावरचं वाळलेलं पीठ झाडत होती.

"फोन कर की सगळ्यांना," ती म्हणाली.

"माझा नंबर बघितला की उचलत नाहीत. मलाच माझी भीती वाटायला लागलीय, रायखान. आरशात बघितलं तर विचारीन, कोण गेलं म्हणून."

"तुझ्या आवाजाचा दोष आहे, म्हाताऱ्या. मेलेल्या आवाजात बोलतोस. लग्नात कसा ओरडायचास, चार गल्ल्या ऐकू जायचं." तिने कोट खुंटीला लावला. "लांबूनच सुयिंशी म्हणून ओरडत जा."

सुयिंशी म्हणजे आनंदाची बातमी आणणाऱ्याची आरोळी. मुलगा झाला, पोरगी परीक्षेत पास झाली, हरवलेली गाय सापडली, की पहिला धावत येणारा माणूस लांबूनच "सुयिंशी!" असं ओरडतो आणि ऐकणाऱ्याने त्याला काहीतरी बक्षीस द्यायचं असतं.

"आणि बातमी काय सांगू? आनंदाचं आहे काय माझ्याकडे?"

रायखानने थोडा विचार केला. "त्यांचा माणूस घरी आहे, हे सांग."

शनिवारी सकाळी तोलेगेनने नक्षीचं जाकीट बाहेर काढलं. पोटावर बटण लागेना, तसंच उघडं ठेवलं. याकोव्हला म्हणाला, "तू आज येऊ नकोस, तुझं तोंडच कबरस्तानासारखं आहे." आणि गल्लीच्या टोकापासून त्याने आरोळी ठोकली, "सुयिंशी! सुयिंशी!" कित्येक वर्षांत तो आवाज वस्तीने ऐकला नव्हता. पडदे बाजूला झाले. काम्शातच्या दाराशी पोचेपर्यंत तिने स्वतःच दार उघडलं होतं.

"काय झालं, आगा?" ती घाबरतही होती आणि हसतही होती.

"सुयिंशी! तुझा बेइबित जिवंत आहे!"

"म्हणजे? तो काय, आत बसून चहा ढोसतोय."

"हात-पाय शाबूत?"

"शाबूत."

"मग बक्षीस काढ. एवढी मोठी बातमी आणली."

काम्शात हसायला गेली आणि मधेच थांबली. आतून बेइबित कप घेऊनच बाहेर आला. "आगा, बसा. मीटिंगचं म्हणाल तर मी येणार नाही. हात वर केला की पहिलं नाव माझं कापतील. दोन मुलं आहेत."

"हात वर केलेल्या एकशे सात जणांत तुझा हात त्यांना कसा सापडेल? एक्केचाळीस जणांत सापडेल, हे खरं."

"आम्ही सांभाळून काम करतो, आगा. एवढं काही भयंकर नाही."

"सांभाळून? यंत्राला जाकीट गुंडाळून सांभाळता? कुणाचं असतं रे ते जाकीट?"

बेइबितने कप खाली ठेवला. खोटं बोलणं त्याला जमत नसे. "माझंच आहे," तो म्हणाला. "गेला महिनाभर तिथंच आहे."

काम्शात नवऱ्याकडे बघत राहिली. "जाकीट बसमध्ये विसरलं म्हणालास ना मला? मी बसवाल्याशी भांडून आले."

मग काम्शातने ताटलीतले गरम बाउरसाक, तळलेल्या पिठाचे ते गोळे, रुमालात बांधून तोलेगेनच्या हातावर ठेवले. "हे घ्या बक्षीस. आणि पुढच्या घरी मी येते तुमच्याबरोबर."

आणि ती खरोखरच निघाली. तोलेगेन आरोळी मारायचा, दार उघडायचं, आणि काम्शात घरातल्या बाईला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारायची, "तुझ्या नवऱ्याचं जाकीट कुठाय गं?" अकरा घरांत जाकीट सापडलं नाही. हरवलं, मित्राला दिलं, खाणीत वाळत घातलंय, अशी एकेक कारणं निघाली आणि त्या अकरा घरांत संध्याकाळपर्यंत जी भांडणं पेटली ती तुम्ही ऐकायला हवी होती. चौदा वर्षं तोलेगेन पुरुषांना नियम आणि हक्क समजावत होता. त्याने जे झालं नाही ते एका दुपारी जाकिटाने केलं.

कचेरीला सुगावा लागलाच. संध्याकाळी फलकावर कागद चिकटला, रविवारी जादा पाळी, दुप्पट रोज.

तरीही दुसऱ्या रविवारी सभागृहात खुर्च्या कमी पडल्या. बायका भिंतीला लागून उभ्या होत्या. याकोव्हने तीनदा मोजलं. सभासद अठ्ठ्याण्णव. नऊ कमी. काम्शात एकटीच आली होती. बेइबित दुप्पट रोजाच्या पाळीला गेला होता. हिवाळ्याआधी छप्पर घालायचंय, एवढा एकच रविवार, असं म्हणून पहाटेच निघाला होता.

"मला धरा की मोजणीत!" ती ओरडली. "त्याच्या जागी मला धरा!"

"सभासद नाहीस तू, बाई," याकोव्ह म्हणाला. त्यालाही ते म्हणताना बरं वाटलं नाही.

बुलात उठला. सासूच्या धाकाने येणारा तोच बुलात. "नियम गेला खड्ड्यात! आगा, तुम्ही फक्त म्हणा, उद्यापासून उतरू नका. आम्ही उतरत नाही."

सगळे तोलेगेनकडे बघायला लागले. त्या क्षणी तो 'उतरू नका' म्हणाला असता तर ते उतरले नसते, हे त्याला दिसत होतं. पण नऊ कमी होते. उद्या अठ्ठ्याण्णव घरांची रोजी गेली तर त्या घरांत तो काय तोंड घेऊन जाणार होता? तो भला माणूस होता, आणि भली माणसं अशा वेळी फार हिशोबी होतात.

"आणखी एक रविवार द्या," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी एकशे सात नाही, दीडशे होतील. मग बघू कोण नाव कापतो."

तो आठवडा तोलेगेनच्या आयुष्यातला चांगला आठवडा होता. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी तो नावं लिहून घेत फिरला. याकोव्हही बरोबर यायचा आणि त्याला बघून आता कोणी रडत नव्हतं. "आले बघा आनंदाची बातमीवाले," असं म्हणून बायका स्वतः दार उघडायच्या. बुधवारपर्यंत एकशे एकतीस नावं झाली. त्याच दिवशी वरच्या गल्लीतला एक बाप संकोचत पुढे आला आणि म्हणाला, "आगा, पोरीचं लग्न काढलंय. बोलायला तुम्ही उभे राहाल का?" रायखानने त्या रात्री नक्षीच्या जाकिटाचं बटण सरकवून शिवलं.

गुरुवारी दुपारी बाराच्या सुमाराला तिसऱ्या बोगद्यात वायू पेटला.

खाण वस्तीपासून चौदा किलोमीटर. इथे ना आवाज आला, ना धूर दिसला. कचेरीने फोन उचलणं बंद केलं. तीन वाजता तोलेगेनला बोलावून चार नावांचा कागद हातात दिला. "तुम्हीच सांगा," साहेब म्हणाला. "तुम्हाला सवय आहे." तोलेगेनने त्याच्याकडे बघितलं. साहेब खिडकीतून बाहेर बघत होता.

कागदावर दुसरं नाव बेइबितचं होतं.

तोलेगेन याकोव्हला घेऊन निघाला. पहिल्या घरी म्हातारा बाप एकटाच होता. त्याला काही सांगावं लागलं नाही. त्याने दोघांचे चेहरे बघितले आणि आत जाऊन बसला. तिथून ते काम्शातच्या गल्लीत आले. उन्हं कलली होती. बायका अंगणात कपडे गोळा करत होत्या, त्यांनी हात हलवला. एकीने हसून विचारलं, "किती झाली नावं, आगा?" याकोव्हने मान हलवली, तिचा अर्थ काहीही लागला असता.

ते दोघे पायरी चढतात तोच काम्शातने दार उघडलं.

"या, या! मला वाटलंच आज येणार म्हणून. लिहा आगा, बेइबितचं नाव लिहा. काल रात्री मुलांच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलंय त्याने. नाही आला तर कान धरून आणते. दारात काय उभे आहात, चहा टाकलाय."

दोघांनी टोप्या काढल्या. ती आत वळली होती, तिने पाहिलं नाही.

ते सतरंजीवर बसले. तिने दुधाचा चहा ओतला, साखर पुढे केली. मुलं शाळेतून यायची होती. तोलेगेनने एकतीस घरांत असं बसून बोलायला सुरुवात केली होती, आणि खरं तर त्याला फार बोलावं लागत नसे. तो दिसला की माणसाला अर्ध्याहून जास्त कळलेलं असे. त्याचे गोड शब्द फक्त उरलेल्या थोड्यासाठी होते. आज समोर बसलेली बाई हसत होती. तिला काहीच कळलेलं नव्हतं, आणि तिला कळू नये अशी व्यवस्था त्यानेच दारोदार फिरून केली होती. हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा त्याने कप न पिताच खाली ठेवला.

"सूनबाई," तो म्हणाला, "माझ्या वडलांकडे एक घोडा होता. भुरा."

"सांगा ना," काम्शात म्हणाली आणि मांडी घालून बसली. "तुमच्या तोंडून गोष्ट ऐकायची म्हणजे लग्नातच बसल्यासारखं वाटतं."

"घरचा लाडका. ओढेल तेवढं ओझं ओढायचा, कधी अडला नाही. एकदा पानगळीच्या दिवसांत रानातून सगळा कळप परत आला. हा आला नाही."

"अगंबाई. मग?"

"मग आम्ही वाट बघितली. माझी आई दारात उभी राहिली. दाणे घातलेली पाटी तशीच होती."

"आणि सापडला का शेवटी?"

याकोव्हने तोंड भिंतीकडे केलं. तोलेगेनला पुढचं वाक्य येत होतं. एकतीसदा म्हटलेलं ते वाक्य जिभेवर होतं, पण जीभ उचलत नव्हती. तो नुसता तिच्याकडे बघत राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. असं पूर्वी कधी झालं नव्हतं, एस्तिर्तूला गेलेल्या माणसाने रडायचं नसतं.

काम्शातचं हसू एकदम गेलं नाही. ते ओठांवर राहिलं आणि बाकीचा चेहरा आधी बदलला. तिने याकोव्हच्या पाठीकडे पाहिलं, मग दोघांच्या मांडीवरच्या टोप्यांकडे.

"आज तुम्ही गल्लीतून ओरडत आला नाहीत," ती म्हणाली.